सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं, पण त्याचा ‘हॅश’ घेतला का?

समजा, घाटकोपरमधल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री कोणीतरी दुचाकीला धडक देऊन पळालं. सकाळी सेक्रेटरींनी डीव्हीआर उघडला. गाडीचा नंबर अगदी स्पष्ट दिसत होता. फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पुरावा हातात आला म्हणून सगळे निर्धास्त झाले.

काही महिन्यांनी प्रकरण कोर्टात उभं राहतं आणि समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो, ‘ही फाइल त्या रात्रीचीच आहे आणि मधल्या काळात तिला कोणी हात लावलेला नाही, हे कशावरून?’

डीव्हीआरमधलं मूळ रेकॉर्डिंग एव्हाना पुसलं गेलेलं असतं. हार्डडिस्क भरली की बहुतेक डीव्हीआर जुन्या रेकॉर्डिंगवरच नवं लिहितात. म्हणजे हातात उरते ती फक्त कॉपी.

या प्रश्नाला उत्तर देताना ६४ अक्षरांचा एक आकडा कामी येतो. त्याला म्हणतात हॅश व्हॅल्यू, किंवा सोप्या भाषेत चेकसम. १ जुलै २०२४ पासून तो कायद्यातल्या नमुन्यातही आला आहे. पण आपण रोज वापरतो त्या बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये हा आकडा सहज सापडत नाही.

चेकसम म्हणजे नेमकं काय?

सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करू. तुमच्या आधार क्रमांकात १२ अंक असतात. त्यातला शेवटचा अंक आधीच्या ११ अंकांवरून गणित करून काढलेला असतो. फॉर्म भरताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हे गणित जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. ही झाली चेकसमची सगळ्यात साधी आवृत्ती.

फाइलच्या बाबतीत हेच काम जास्त कडक पद्धतीने होतं. फोटो असो, पीडीएफ असो की दोन तासांचा व्हिडिओ, कॉम्प्युटरसाठी ती शून्य आणि एकची लांबलचक माळ असते. एसएचए-२५६ नावाची पद्धत ही अख्खी माळ वाचते आणि ६४ अक्षरांचा एक आकडा देते. त्यात ० ते ९ हे अंक आणि इंग्रजीतली ए ते एफ ही अक्षरं असतात. फाइल एक केबीची असो की दहा जीबीची, आकडा ६४ अक्षरांचाच.

फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी नवा आकडा आधीच्यापेक्षा पूर्ण वेगळा येतो. या आकड्यावरून मूळ फाइल परत तयार करता येत नाही. फाइलचं नाव बदललं तर मात्र हॅश बदलत नाही, कारण हॅश आतल्या मजकुराचा असतो, नावाचा नाही.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. जगातल्या प्रत्येक रिकाम्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश एकच असतो आणि त्याची सुरुवात ‘ई३बी०सी४४२’ अशी होते. तुमच्या फुटेजचा हॅश असा आला, तर समजा की कॉपी झालीच नाही, पेनड्राइव्हवर शून्य बाइटची फाइल पडली आहे.

जालन्याची केस काय होती?

डिजिटल पुरावा कोर्टात कसा द्यायचा, यावर सुप्रीम कोर्टाचा महत्त्वाचा निकाल आला तो महाराष्ट्रातल्याच एका निवडणुकीवरून.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजेपर्यंत होती आणि खोतकरांचा अर्ज मुदतीनंतर आला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग हा त्यातला कळीचा पुरावा ठरला.

अडचण आली प्रमाणपत्राची. तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब नुसार अशा रेकॉर्डिंगसोबत प्रमाणपत्र लागत होतं, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

कोर्टाने सांगितलं की कॉपी सादर करायची असेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात आणलं, तर ते लागत नाही. आणि सगळे प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळालं नाही, तर त्याचा फटका त्या पक्षकाराला बसू नये. जालन्यात प्रयत्न झाले होते, त्यामुळे खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

सोसायटीचा डीव्हीआर भिंतीवरून काढून दर तारखेला कोर्टात नेणं कोणाला परवडणार? म्हणून बहुतेक वेळा कॉपीच दिली जाते आणि प्रमाणपत्र लागतंच.

नव्या कायद्याने काय बदललं?

‘हॅश’ हा शब्द भारतीय कायद्यात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासूनच आहे, पण तिथे तो डिजिटल सहीच्या संदर्भात येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्यातल्या कलम ६३(४) साठी प्रमाणपत्राचा ठरावीक नमुनाच कायद्याला जोडलेला आहे.

या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्या पक्षाने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीने काढली त्यावर खूण करायची असते. पर्याय दिलेत एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ आणि इतर. हॅशचा अहवालही सोबत जोडायचा असतो.

म्हणजे अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा विक्रोळीच्या कोर्टात फुटेजची कॉपी घेऊन जाणाऱ्या साध्या माणसालाही आता हा आकडा टाळता येत नाही. मुंबईची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा सांताक्रूझजवळ कलिन्यात आहे, पण फाइल तिथल्या किंवा कुठल्याही तज्ज्ञापर्यंत पोहोचेपर्यंत ती सोसायटीच्याच ताब्यात असते. शंकेला जागा राहते ती याच काळात.

मग हॅश काढायचा कसा?

विंडोजमध्ये सोय आहे, पण लपलेली. पॉवरशेल उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा आणि पुढे फाइलचा पत्ता लिहिला की एसएचए-२५६ आकडा येतो. मॅकमध्येही हे काम टर्मिनलमधून करावं लागतं. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर टाकलं, तर फाइलवर राइट-क्लिक करूनच हॅश मिळतो.

लिनक्सवर केडीईचा डॉल्फिन फाइल मॅनेजर यात पुढे आहे. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येच चेकसमचा वेगळा टॅब आहे. तिथे जुना आकडा पेस्ट केला की जुळतो की नाही ते लगेच रंगाने कळतं. अँड्रॉइडवर अमेझसारखे काही मोफत फाइल मॅनेजर प्रॉपर्टीजमध्ये हॅश दाखवतात.

ऑनलाइन हॅश काढून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर मात्र फुटेज अपलोड करू नका. त्यात शेजाऱ्यांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर असतात.

फाइल मॅनेजरमध्ये काय सुधारायला हवं?

आकडा दाखवला म्हणजे काम संपलं, असं होत नाही. ६४ अक्षरं डोळ्यांनी ताडून पाहायला बसलं की माणूस पहिली चार आणि शेवटची चार बघून ‘हो, तोच आहे’ म्हणतो. म्हणून तुलना सॉफ्टवेअरनेच करावी आणि उत्तर ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ असं स्वच्छ द्यावं.

दुसरी गरज कॉपीच्या वेळची. विंडोजचा नेहमीचा एक्स्प्लोरर कॉपी झाल्यावर दोन्ही फाइल्सचे हॅश ताडून पाहत नाही. टेराकॉपीसारखी सॉफ्टवेअर ते करतात. ही सोय नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्येच असली, तर खराब पेनड्राइव्हची भानगड त्याच दिवशी कळेल.

तिसरी गरज नोंदीची. फाइलचं नाव, आकार, तारीख, पद्धत आणि हॅश अशी यादी एका क्लिकवर तयार झाली, तर प्रमाणपत्रासोबत जोडायच्या अहवालाचं निम्मं काम तिथेच होईल. चार कॅमेऱ्यांच्या चाळीस फाइल्स असतील, तर एकेकीचा हॅश हाताने उतरवण्यात चूक होणारच.

चौथी गरज योग्य पद्धत आपोआप निवडण्याची. एमडी-५ मधला दोष २००४ सालीच चिनी संशोधकांनी दाखवला होता. २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने वेगवेगळा मजकूर असलेल्या दोन पीडीएफ फाइल्स दाखवल्या, ज्यांचा एसएचए-१ हॅश एकच होता. कायद्याच्या नमुन्यात तिन्ही नावं असली, तरी निवड तुमच्या हातात असेल तेव्हा एसएचए-२५६ घ्या. फाइल मॅनेजरनेही तोच पहिला दाखवावा.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ चालेल का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. व्हिडिओ नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करतं. चित्र तेच दिसतं, पण फाइल वेगळी झालेली असते आणि हॅश जुळत नाही. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर फाइल जशीच्या तशी जाते.

म्हणूनच हॅश जुळला नाही, तर लगेच ‘फुटेजमध्ये छेडछाड झाली’ असा निष्कर्ष काढू नका. व्हॉट्सॲप, अर्धवट कॉपी किंवा व्हिडिओ थोडा कापणं, यातलं काहीही कारण असू शकतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. हॅश जुळला म्हणजे व्हिडिओ खरा ठरत नाही. ‘हॅश काढल्यापासून फाइल बदललेली नाही’, एवढंच तो सांगतो. त्याआधी काय झालं, यावर तो गप्प असतो. म्हणून हॅश जितका लवकर काढाल, तितका शंकेचा काळ कमी.

थोडक्यात काय करायचं?

– घटना घडली की डीव्हीआरमधून फुटेज लगेच काढा. मूळ रेकॉर्डिंग पुसलं जाण्याची वाट पाहू नका.
– कॉपी झाल्याबरोबर एसएचए-२५६ हॅश काढा. कोणी, कधी आणि कोणत्या मशीनवरून फुटेज घेतलं ते लिहून ठेवा.
– हॅश त्याच पेनड्राइव्हवर ठेवू नका. फाइल बदलणारा माणूस शेजारचा आकडाही बदलू शकतो. स्वतःला आणि कमिटीला ईमेल केला, तर तारखेची नोंदही राहते.
– मूळ कॉपी बाजूला ठेवा. बघायला आणि पाठवायला दुसरी कॉपी वापरा.
– प्रमाणपत्र भरताना वकिलाचा सल्ला घ्या.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये कॅमेरे वाढवण्याचा विषय निघाला, तर सेक्रेटरींना हेही विचारा की फुटेज काढल्यावर त्याचा हॅश कोण काढणार आणि कुठे लिहून ठेवणार. यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, फक्त ते त्याच दिवशी करावं लागतं.