डार्करूममधील पाणी, वेळ आणि चांदी

लाल दिवा फक्त छपाईसाठी. नेहमीच्या ब्रोमाइड कागदाला लाल प्रकाश जवळपास दिसत नाही, म्हणून तो चालतो. फिल्म मात्र सर्व रंगांना संवेदनशील असते. ती रिळावर गुंडाळून टाकीत बंद करेपर्यंत मिट्ट काळोख हवा.

डेव्हलपरचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस. इलफर्डची एचपी-५ प्लस फिल्म ४०० आयएसओवर वापरली असेल, तर पाणी न मिसळलेल्या आयडी-११मध्ये तिला साडेसात मिनिटे लागतात. द्रावण कोमट झाले की क्रिया वेगाने होते आणि वेळ घटवावा लागतो. आपल्याकडे मे महिन्यात नळाचे पाणीच तिशी गाठते, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवणे हाच खात्रीचा उपाय.

प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार धुऊन काढतो तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जॉन हर्शेल यांनी त्याचा हा गुण १८१९ मध्ये नोंदवला. छायाचित्रणाला त्याचा उपयोग झाला १८३९ मध्ये. त्याआधी प्रतिमा उजेडात टिकवणे हीच मोठी अडचण होती. माझ्या मते छायाचित्रणाच्या इतिहासात हर्शेल यांना हवे तेवढे श्रेय मिळत नाही.

छपाईची खरी कला एन्लार्जरखाली. हाताने किरण अडवले की तो भाग उजळतो, जास्त वेळ प्रकाश दिला की गडद होतो. आधी कागदाच्या पट्टीवर चाचणी घ्यावीच.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो मोरीत ओतू नये.