जुने यंत्र, नवी डिस्क

कुटुंबाची छायाचित्रे, लग्नमुंजींच्या चित्रफिती, वडिलार्जित दस्तऐवजांच्या प्रती आणि घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमधून अव्याहत साचत जाणारा मजकूर यांचा संग्रह आपल्याच घरात आणि आपल्याच ताब्यात असावा, या रास्त इच्छेपोटी पुष्कळ घरांत आता राउटरच्या शेजारी एक लहानशी पेटी येऊन बसली आहे. तिला ‘नॅस’ म्हणतात. दोन किंवा चार हार्ड डिस्क पोटात घेऊन ती घरातील सर्व उपकरणांस सामाईक साठा पुरविते. काही वर्षांनी ती भरते, आणि त्या सुमारास बाजारात ४ टेराबाइटच्या जागी १६, २० किंवा त्याहूनही अधिक टेराबाइटच्या डिस्क आलेल्या असल्यामुळे मालकापुढे प्रश्न उभा राहतो, की हे जुने यंत्र ही नवी डिस्क स्वीकारील काय? उत्तरादाखल त्याला उत्पादकाने प्रसिद्ध केलेली सुसंगत डिस्कची यादी दाखविली जाते. ती यादी अवश्य पाहावी. परंतु गणिताने घातलेला मज्जाव आणि व्यापाराने घातलेला मज्जाव हे दोन्ही तिच्यात एकाच शाईने लिहिलेले असतात, आणि त्यांतील भेद जाणून घेण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम गणिताचा मज्जाव पाहू. डिस्कवरील माहिती परंपरेने ५१२ बाइटच्या खंडांत विभागलेली असते, प्रत्येक खंडाला क्रमांक असतो, आणि तो क्रमांक लिहिण्यासाठी यंत्राने किती बिट राखून ठेवले आहेत, यावर ते यंत्र किती दूरवरचा खंड ओळखू शकेल हे ठरते. एके काळी हे बिट २८ होते. त्यांत सुमारे २६ कोटी ८४ लक्ष खंड मावत, म्हणून १३७ गीगाबाइटच्या पलीकडील डिस्क जोडली तरी तिचा पुढील भाग संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसे. २००२ च्या एटीए-६ या मानकाने क्रमांकाची लांबी ४८ बिट केली आणि ती भिंत पडली. पण डिस्कचे विभाग नोंदविणारा, १९८३ पासून चालत आलेला एमबीआर नावाचा तक्ता ३२ बिटांचाच राहिला होता, आणि त्याची दृष्टी २.२ टेराबाइटपाशी संपत होती. २०१० मध्ये ३ टेराबाइटची डिस्क बाजारात आली तेव्हा ही दुसरी भिंत सामान्य ग्राहकाच्या वाटेत आली. ६४ बिटांचे क्रमांक वापरणाऱ्या जीपीटी तक्त्याने ती दूर केली.

तिसरी भिंत मात्र अद्याप अनेक घरांत उभी आहे. ज्या जुन्या नॅस यंत्रांचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे, त्यांतील लिनक्स प्रणाली साठ्याचा हिशेब ४,०९६ बाइटच्या पानांत ठेवते आणि पानांचे क्रमांक ३२ बिटांत लिहिते. गुणाकार केला असता एका सलग साठ्याची कमाल मर्यादा १७.५९ लक्ष कोटी बाइट, म्हणजे १७.६ टेराबाइटच्या आसपास येते. हाच आकडा हजाराऐवजी १,०२४ च्या पटीने मोजला, तर बरोबर १६ भरतो. पुष्कळ माहितीपत्रकांत ‘एका साठ्याची मर्यादा १६ टेराबाइट’ असे वाक्य आढळते, त्याचा उगम येथे आहे. १६ टेराबाइटची डिस्क या मर्यादेच्या आत बसते, तर १८ टेराबाइटची डिस्क तिच्या किंचित बाहेर पडते. मोजणीच्या याच दोन पद्धतींमुळे २० टेराबाइटची डिस्क अनेक यंत्रांच्या पडद्यावर १८.१९ अशी दिसते. त्यात काहीही चोरीस गेलेले नसते. शिवाय जुन्या यंत्रावर निर्माण केलेला साठा नव्या यंत्रात जसाच्या तसा हलविला, तर पुष्कळदा ही मर्यादाही त्याच्यासोबत येते आणि सर्व मजकूर अन्यत्र उतरवून साठा नव्याने घडविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जडवस्तूंच्या अडचणी त्या मानाने लहान आहेत. डिस्कचा बाह्य आकार साडेतीन इंचीच राहिला असला, तरी आत नऊ-दहा चकत्या बसविण्यासाठी भिंती पातळ कराव्या लागल्याने मधली स्क्रूची भोके अनेक मोठ्या डिस्कमधून नाहीशी झाली, आणि ज्या खणांची रचना त्याच भोकांवर विसंबून आहे तेथे डिस्क नीट बसत नाही. तसेच २०१६ च्या साटा ३.३ या मानकाने वीजजोडणीतील तिसऱ्या पिनेला डिस्क बंद ठेवण्याचे काम दिले. जुना वीजपुरवठा त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट देत असेल, तर ही सोय असलेली निर्दोष डिस्कही फिरायलाच लागत नाही आणि मालक ती मृत समजून परत करतो.

यापेक्षा गंभीर प्रकरण लेखनपद्धतीचे आहे. कमी जागेत अधिक मजकूर बसविण्यासाठी काही डिस्कमध्ये लेखनाच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक किंचित चढवून मांडतात. या पद्धतीला एसएमआर आणि पट्ट्या सुट्या ठेवणाऱ्या पद्धतीला सीएमआर म्हणतात. वाचनात दोहोंत विशेष फरक पडत नाही, परंतु एसएमआरमध्ये मधली एक पट्टी बदलायची झाली, की तिच्या पुढील पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क हे काम फुरसतीच्या वेळी उरकते. नॅसमध्ये एक डिस्क निकामी होऊन नवी बसविली, की साठ्याच्या पुनर्बांधणीसाठी तिच्यावर तासन्‌तास अखंड लेखन चालते. तेव्हा फुरसत मिळत नाही, डिस्क वारंवार थबकते, आणि ती बिघडली असे समजून यंत्र तिला संचातून बाहेर काढू शकते. ज्या घटकेला संरक्षणाची सर्वाधिक निकड असते, नेमक्या त्याच घटकेला ही पद्धत दगा देते.

म्हणूनच एप्रिल २०२० मध्ये जे उघडकीस आले ते मला अक्षम्य वाटते. वेस्टर्न डिजिटल कंपनीने खास नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क माहितीपत्रकात तसा उल्लेख न करता एसएमआर पद्धतीने बनविल्या होत्या. गवगवा झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्क ‘प्लस’ या वेगळ्या नावाने विकण्यास आरंभ केला. पद्धत स्वतः सदोष नव्हती. जो तपशील सुसंगततेचा निर्णय करतो तोच दडविला गेला, हा कसूर होता.

पाच वर्षांनी याच्या उलट टोकाचा प्रसंग घडला. सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की तिच्या त्या वर्षीच्या ‘प्लस’ श्रेणीच्या यंत्रांना कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने प्रमाणित केलेल्या डिस्क लागतील. यादीबाहेरच्या डिस्कवर नवा साठा निर्माण करण्याची मुभा काढून घेण्यात आली. विश्वासार्हतेचे कारण पुढे करण्यात आले. पण कालपर्यंत त्याच कंपनीच्या यंत्रांत सुखेनैव चाललेल्या डिस्क नव्या यंत्रास एकाएकी अपात्र का ठराव्यात, याचे समाधानकारक उत्तर ग्राहकांना मिळाले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रणालीच्या ७.३ या आवृत्तीने तो मज्जाव बहुतांशी उठविला. फर्मवेअरच्या एका फेरफाराने जो उठतो तो मज्जाव गणिताचा नव्हता, हे निराळे सांगावयास नको. उत्पादकांनी चाचणी करावी, यादीही काढावी. मात्र ‘चाचणीत अपयशी’, ‘चाचणी झालेली नाही’ आणि ‘आम्ही परवानगी देत नाही’ हे तीन शेरे तीन स्वतंत्र रकान्यांत छापावेत, एवढी मागणी ग्राहकांनी नेटाने केली पाहिजे.

डिस्क घेताना केवळ टेराबाइटचा आकडा न पाहता संपूर्ण मॉडेल क्रमांक उतरवून घ्यावा, यंत्राचा प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा याची खातरजमा करावी आणि डिस्क बसविण्यापूर्वीच यंत्राची प्रणाली अद्ययावत करावी. दोन डिस्कच्या जुळ्या संचात, म्हणजे दोहोंवर एकच मजकूर ठेवणाऱ्या जोडीत, एक ४ आणि एक १६ टेराबाइटची ठेवली, तर साठा ४ चाच राहतो. म्हणून एक डिस्क बदलून पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्यावी, मग दुसरी बदलावी, आणि त्यानंतर साठ्याचा विस्तार करावा. २० टेराबाइटच्या डिस्कवर सेकंदाला सरासरी २०० मेगाबाइट या वेगाने लेखन झाले, तरी एका पुनर्बांधणीला एक लक्ष सेकंद, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास लागतात, आणि साध्या जुळ्या संचात तेवढा वेळ घरातील सर्व मजकूर एकट्या जुन्या डिस्कच्या भरवशावर असतो. म्हणून आरंभ करण्यापूर्वी पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा, वीज जाण्याचा संभव असेल तेथे यूपीएसचा बंदोबस्त करावा, आणि बाहेर काढलेली पहिली जुनी डिस्क दुसरीची पुनर्बांधणी संपेपर्यंत पुसू नये.