वाट कोणाच्या मालकीची?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. बऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत, जामा मशिदीच्या मागच्या बाजूला असलेल्या एका गल्लीत, आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. तिला अभ्यंग देण्यासाठी आम्ही घाईने निघालो. गांधी चौकातून वळलो तो गल्लीच्या तोंडाशी दुचाकींची रांग उभी. तिच्या शेवटी जेमतेम एका मोटारीपुरती जागा दिसली. दहा मिनिटांचे तर काम, आणि तेही अशा पवित्र कारणाचे, असा विचार करून आम्ही मिशनची गाडी तेथेच लावली आणि आत गेलो.

प्रार्थना आटोपून उठतो न उठतो तोच बाहेर गलका ऐकू आला. चार घरे पलीकडे एका तरुण स्त्रीला प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिला इस्पितळात न्यावयाचे होते. बोलावलेली रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच अडली होती. घरच्यांनी तिला खुर्चीवर बसविले, चौघांनी खुर्ची उचलली, आणि निसरड्या फरशीवरून, उभ्या वाहनांच्या मधून, खुर्ची तिरपी करीत ते चालू लागले. शेवटचा अडथळा आमच्या गाडीचा होता. आम्ही किल्ली घेऊन धावलो खरे. पण पुढेमागे उभ्या असलेल्या दुचाकींमुळे आमचीही गाडी हलेना. अखेर दोन तरुणांनी तीन मोटारसायकली उचलून बाजूला ठेवल्या, तेव्हा कोठे खुर्ची बाहेर पडली. देवदयेने ती स्त्री सुखरूप बाळंत झाली, हे दुसऱ्या दिवशी कळले.

गर्दी पांगल्यावर एक वृद्ध विणकर आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “फादर, गाडी आपली होती, म्हणून कोणी काही बोलले नाही.”

त्या बोलण्यात रोष नव्हता. म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले.

त्या रात्री आम्ही मनाशी विचार केला. आमच्या आधी तेथे वाहने लावणाऱ्यांचीही कारणे आमच्यासारखीच असतील. कोणाला औषध घ्यावयाचे असेल, कोणाला मुलीसाठी वही घ्यावयाची असेल, कोणी जुन्या स्नेह्याला भेटावयास आला असेल. वाट अडवावी म्हणून त्यांतील एकही जण घरातून निघाला नव्हता. आणि तरीही वाट अडली होती. दुष्टपणाने अडलेल्या वाटा जगात थोड्या. सज्जनांच्या ‘दोनच मिनिटांनी’ अडलेल्या वाटा पुष्कळ. ज्याच्याजवळ चांगले कारण आहे त्यानेच प्रथम स्वतःला आवरले पाहिजे, हे आम्ही त्या संध्याकाळी शिकलो. तेच येथे वाचकांपुढे ठेवतो.

पायांसाठी वसलेले शहर

फारुकी सुलतानांनी तापीच्या काठी वसविलेले बऱ्हाणपूर म्हणजे दक्षिणेचे द्वार. येथील तलम कापड दूरदूरच्या देशांत जात असे, असे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात लिहून ठेविले आहे. एवढा मोठा व्यापार चालला तो माणसांच्या खांद्यांवरून आणि जनावरांच्या पाठीवरून. १७३१ साली निजाम-उल-मुल्काने शहराभोवती तट घातला. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी ही वेशींची नावे आजही आपल्या तोंडी आहेत. त्या वेशींच्या आत ज्यांनी घरे बांधली, त्यांच्या डोळ्यांपुढे चालणारा माणूस होता, ओझ्याचा बैल होता, पालखी होती. मोटार त्यांच्या स्वप्नातही नव्हती. या गल्ल्यांवर ‘केवळ पादचाऱ्यांसाठी’ अशी पाटी असो वा नसो, त्यांची रुंदी हीच त्यांची पाटी होय.

आता थोडा हिशेब करून पाहू. गल्ली दहा फुटांची धरा. मोटारसायकलची लांबी सुमारे साडेसहा फूट. ती भिंतीशी आडवी लावली, तर चालणाऱ्याला उरतात साडेतीन फूट. दोन्ही बाजूंना भिंतीला लागून उभ्या लावल्या, तरी हँडलचे अडीच-अडीच फूट जाऊन पाच फूट उरतात. त्या पाच फुटांतून केळ्यांची हातगाडी जावयाची, सुताची गाठोडी वाहणारा हमाल जावयाचा, शाळेतून मुले यावयाची, आणि मागून कर्णा वाजवीत येणाऱ्या दुसऱ्या दुचाकीलाही घाई असावयाची. काठी टेकीत चालणाऱ्या म्हाताऱ्याने अशा वेळी कोठे उभे राहावे? आजाऱ्याची खाट कोठून न्यावी?

या शहराला सामाईक गोष्टीची जपणूक नवी नाही. लालबागेकडील कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास, जहांगीराच्या अमदानीत, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने शहराकडे आणले गेले. ठिकठिकाणी कुंड्या, आणि एकीकडून दुसरीकडे पाणी आपल्याच उताराने वाहते. यंत्राची गरज नाही. मधल्या एकाच ठिकाणी कोणी दगड टाकून पाणी तुंबविले असते, तर पुढील साऱ्या वस्तीच्या घागरी रित्या राहिल्या असत्या. गल्लीचेही तसेच आहे. तिच्या तोंडाशी उभी केलेली एक गाडी आतल्या साऱ्या घरांची वाट तुंबविते; आणि गाडीचा धनी तर कोपऱ्यावरच्या दुकानात शांतपणे चहा पीत असतो.

इतरांनी काय केले

वर्दळीच्या रस्त्यावरून वाहने दूर ठेवावीत ही कल्पना आजकालची नव्हे. ख्रिस्तपूर्व ४५ च्या सुमारास ज्युलियस सीझरच्या कायद्याने रोम शहरात दिवसाच्या बहुतेक वेळेत गाड्यांना बंदी होती. अलीकडच्या काळात कोपनहेगनने १९६२ साली आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, पायी चालणाऱ्यांसाठी राखला. गिऱ्हाईक तुटेल म्हणून व्यापाऱ्यांनी प्रथम मोठी ओरड केली. पुढे त्याच रस्त्यावरील व्यापार वाढला.

आपल्या देशातील उदाहरण तर बऱ्हाणपूरशी नाते सांगणारे आहे. १६३१ साली मुमताज महल याच शहरात बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादेत तिला प्रथम पुरले गेले. तिची थोरली मुलगी जहांआरा त्या वेळी अवघी सतरा वर्षांची होती. पुढे १६५० च्या सुमारास याच जहांआरेने दिल्लीत चांदणी चौकाची बाजारपेठ आखविली. मधून पाण्याचा पाट, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि मध्ये माणसांची ये-जा. साडेतीन शतकांनंतर त्या रस्त्यावर गाड्यांनी इतकी दाटी केली की, चालणे मुश्किल झाले. २०२१ च्या सप्टेंबरात लाल किल्ल्यासमोरून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे १.३ किलोमीटरचा भाग नव्याने बांधून खुला झाला, आणि सकाळी नऊ ते रात्री नऊ तेथे मोटारवाहनांना मनाई ठरली. तरीही मनाईच्या वेळी दुचाकी आत घुसतात, ही तेथील तक्रार थांबलेली नाही. फरशी घालता येते, खांब रोवता येतात. चालविणाऱ्याच्या मनात मर्यादा मात्र बाहेरून रोवता येत नाही.

पुणे महानगरपालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग दिवसभरासाठी वाहनांना बंद केला आणि पादचारी दिन पाळला. ज्या रस्त्यावर एरवी मुलाचे बोट सोडण्याची आईची छाती होत नाही, तेथे त्या दिवशी मुले मोकळी खेळली. माथेरानची कथा सर्वांना ठाऊकच आहे. बाहेरच्या मोटारी तेथे दस्तुरी नाक्याशीच थांबतात. श्रीमंत असो, अधिकारी असो, पुढे पायी, घोड्यावर किंवा अलीकडे सुरू झालेल्या ई-रिक्षात बसूनच जावे लागते. रुग्णवाहिकेला मात्र वाट आहे. कोणाला अडवावयाचे आणि कोणाला जाऊ द्यावयाचे, हे त्या लहानशा गावाने नीट ओळखले आहे.

आमच्या बाजारातील व्यापारी बंधूंना भीती वाटते की, दुकानाच्या दारात गाडी लावता आली नाही, तर गिऱ्हाईक येणार नाही. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पोट त्यावर आहे. परंतु त्यांनी एक दिवस आपल्या दारातील वाहने मोजून पाहावीत. सकाळपासून रात्रीपर्यंत न हललेली किती निघतात? पुष्कळदा ती दुकानदारांची आणि नोकरांचीच निघतील. दहा तास एका जागी उभी असलेली मालकाची दुचाकी म्हणजे दिवसभर दारातून परत गेलेली गिऱ्हाइकेच होत. तसेच, गर्दीचा विषय निघाला की सारा दोष हातगाडीवाल्याच्या माथी मारण्याची आपल्याला सवय आहे. फेरीवाल्याच्या उपजीविकेला २०१४ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला योग्य जागा नेमून द्यावी, शिस्त लावावी, हे खरेच. पण त्याच्यापेक्षा अधिक जागा अडविणाऱ्या मोटारीला मोकळे सोडून त्यालाच हुसकावणे हा न्याय नव्हे.

कायदा आणि कर्तव्य

कायदा या बाबतीत मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा रीतीने वाहन सोडून जाण्यास मनाई आहे. विशिष्ट रस्त्यांवर वाहनांना बंदी घालण्याचा अधिकार ११५ व्या कलमाने शासनाला दिला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने विनाकारण कर्णा वाजविण्यासही पहिल्या वेळी एक हजार रुपये दंड ठरविला. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ज्या घरांत चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने मोटारसायकलची किल्ली दिली जाते, त्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अडथळ्यावाचून पदपथावरून चालता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे सांगितले.

या हक्काची गरज किती आहे ते आकड्यांवरून दिसते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. त्यांतील बहुतेक मोठ्या रस्त्यांवर मेले असतील, आमच्या गल्लीत नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु चालणाऱ्याला कडेला ढकलण्याची सवय मनुष्य गल्लीतच लावून घेतो, आणि तीच घेऊन तो हमरस्त्यावर जातो.

ख्रिस्तसभेनेही हा विषय क्षुद्र मानलेला नाही. २००७ च्या जून महिन्यात व्हॅटिकनमधून रस्त्यावरील वर्तनाविषयी एक मार्गदर्शिका निघाली. तीत वाहन चालविणाऱ्यांसाठी दहा आज्ञा सांगितल्या आहेत. रस्त्यावर जो दुर्बळ असेल त्याला सांभाळा, अशा आशयाची एक आज्ञा तीत आहे. पापकबुलीच्या वेळी आपण राग, खोटेपणा, आळस यांचा शोध घेतो. पण आपल्या गाडीमुळे कोणाची वाट अडली काय, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजण मनाला विचारतात? आम्ही स्वतः तो कधी विचारला नव्हता, हे येथे कबूल करतो.

उपाय मोठे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी वाहन कधीही लावू नये, एका मिनिटासाठीही नाही. बाजारात जाताना गाडी बाहेर मोकळ्या जागी ठेवून उरलेली वाट पायी चालावी. प्रकृतीलाही ते बरे. दाटीच्या ठिकाणी दुचाकी नेणे भागच असेल, तर खाली उतरून ती हाताने ढकलावी. पुढे म्हातारे माणूस असेल, तर कर्णा न वाजविता थांबावे. चार पावलांचा तर प्रश्न असतो. लग्नाच्या वरातीने एक बाजू मोकळी ठेवावी. आणि रविवारी मिस्साला येताना आपल्या गाड्यांनी मंदिराशेजारच्या घरांची दारे अडत नाहीत ना, हे प्रत्येकाने पाहावे. शेजाऱ्याला घराबाहेर पडता येत नसताना आत चाललेली आपली प्रार्थना देवाला गोड लागेल काय?

आता जुन्या वस्तीत जावयाचे असले की आम्ही गाडी दूर ठेवतो आणि चालत जातो. पाच-सात मिनिटे अधिक लागतात. चालताना त्या वृद्ध विणकरांची आणि आमची कधी कधी गाठ पडते. परवा त्यांनी आम्हांला थांबविले, त्या संध्याकाळी जन्मलेली मुलगी आपल्या आजीच्या कडेवर बसून दारात उभी होती ती दाखविली, आणि म्हणाले, “आता ही लवकरच चालू लागेल, फादर.”

तिच्यासाठी ही गल्ली मोकळी ठेवणे आपणा सर्वांच्या हाती आहे.