एक प्रोग्राम, अनेक युजर: डेटाबेसला नेमकं कोण म्हणून जोडायचं?

आजचा प्रश्न असा: एकाच प्रोग्राममधून डेटाबेसला वेगवेगळ्या युजरच्या नावाने जोडता येतं का? येतं. पण कशासाठी आणि कुठवर, ते बघूया. उदाहरणाला पोस्टग्रेस घेतोय, कारण माझं रोजचं काम त्याच्यावरच चालतं.

पहिली गोष्ट म्हणजे, डेटाबेसचा युजर प्रोग्रामला नाही, कनेक्शनला चिकटलेला असतो. कनेक्शन उघडताना जे नाव आणि पासवर्ड दिला, ती त्याची ओळख. त्यामुळे एकाच प्रोग्रामने दोन कनेक्शन दोन नावांनी उघडली, तरी डेटाबेसची काही हरकत नसते.

समजा, पॅथॉलॉजी लॅबचं ॲप आहे. रिपोर्ट भरणारा भाग एका युजरने जोडा आणि महिन्याचा हिशेब काढणारा भाग दुसऱ्या युजरने. या दुसऱ्याला फक्त वाचायची परवानगी द्या, तीही बिलांच्या टेबलपुरती. मग हिशेबाच्या कोडमध्ये कितीही मोठा बग निघाला, तरी त्यातून कुणाचा रिपोर्ट डिलीट होणार नाही. डेटाबेसच आडवा येईल.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक पेशंटलाच डेटाबेसचा युजर करून टाकू की! इथे जरा थांबा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस चालते, आणि कनेक्शनची मर्यादा साधारणपणे सुरुवातीला 100 असते. म्हणून आपण पूल वापरतो. म्हणजे थोडी कनेक्शन उघडी ठेवायची आणि शेअर रिक्षासारखी सगळ्यांनी आळीपाळीने वापरायची. प्रत्येकाचा युजर वेगळा केला, की एकाचं कनेक्शन दुसऱ्याला चालत नाही. पूल असून नसल्यासारखा.

यावर मधला रस्ता आहे: सेट रोल. ॲप एकाच साध्या युजरने लॉगिन करतं आणि कामानुसार पेशंट, डॉक्टर किंवा कॅशियर असा रोल घेतं. त्या युजरला आधी या रोलचं सदस्य करावं लागतं. पेशंट नेमका कोणता, हे एका सेटिंगमध्ये सांगायचं आणि रो लेव्हल सिक्युरिटीचा नियम लावायचा. मग त्याला त्याच्याच ओळी दिसतात. ही सोय 9.5 आवृत्तीपासून आहे.

पण नीट ऐका! रोल आणि सेटिंग दोन्ही ट्रान्झॅक्शनच्या आत, 'सेट लोकल' वापरूनच बदला. कमिट किंवा रोलबॅक झालं, की ते आपोआप पूर्ववत होतं. साधं 'सेट' वापरलं आणि कनेक्शन तसंच पूलमध्ये परत गेलं, तर पुढच्या माणसाला आधीच्याची ओळख मिळू शकते. म्हणजे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या मोबाइलवर!

अजून एक. सेट रोल म्हणजे कुलूप नव्हे. एसक्यूएल इंजेक्शन करणारा 'रीसेट रोल' लिहून मूळ युजरवर परत जाऊ शकतो. म्हणून मूळ युजरलाच कमीत कमी हक्क द्या. जिथे खरंच भिंत हवी, तिथे वेगळं लॉगिन आणि वेगळा छोटा पूल ठेवा.

आज एवढंच करा: तुमच्या प्रोजेक्टची कॉन्फिग फाइल उघडा आणि युजरचं नाव वाचा. तिथे सुपरयुजर असेल, तर वरचे सगळे नियम त्याला लागूच होत नाहीत. टेबलचा मालक असेल, तर रो लेव्हल सिक्युरिटी त्यालाही आपोआप लागत नाही, ती 'फोर्स' करावी लागते. सुरुवात तिथूनच करा. भेटूया पुढच्या भागात!