गर्भाची वाढ (भाग ६) : वार

बाळ जन्मल्यावर काही मिनिटांनी वार पडते. गडद लाल रंगाची, भाकरीसारखी गोल आणि पसरट, दोन-अडीच सेंटिमीटर जाड, वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास. तिची एक बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असते, तिथूनच नाळ निघते. गर्भाशयाला चिकटलेली दुसरी बाजू खडबडीत असते, फणसाच्या गऱ्यांसारख्या पंधरा-वीस भागांत विभागलेली. वार अखंड पडली की एखादा तुकडा आत राहिला, एवढे तपासून ती टाकून दिली जाते. बाळाचे फुप्फुस, आतडे, मूत्रपिंड आणि कित्येक ग्रंथी यांचे काम नऊ महिने एकटीने केलेल्या अवयवाकडे इतकेच लक्ष जाते. पाठ्यपुस्तके तिला अपरा म्हणतात. बोलण्यात मात्र ती वारच.

वार आईच्या पोटात वाढते, म्हणून ती आईचा अवयव असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिचा बहुतेक भाग बाळाच्याच पेशींचा असतो. फलित झालेले बीज पाच-सहा दिवसांत शंभरेक पेशींचा पोकळ गोळा होऊन गर्भाशयात पोहोचते, हे आधीच्या भागात आलेच आहे. त्या गोळ्यात तेव्हाच वाटणी झालेली असते. आतल्या बाजूच्या मोजक्या पेशींपासून बाळ घडते आणि बाहेरच्या थरापासून वार. म्हणजे हृदय, मेंदू, हातपाय यांचा पत्ताही नसताना वारेच्या पेशी कामाला लागलेल्या असतात. गर्भाशयाच्या अस्तरात शिरून मूळ धरणे हे त्यांचे पहिले काम. दुसरे काम एचसीजी हे संप्रेरक सोडण्याचे. या संप्रेरकामुळे अंडाशयाला गर्भ टिकवण्याचा निरोप मिळतो आणि पाळी थांबते. मूत्राच्या चाचणीत दोन रेघा उमटतात त्या याच संप्रेरकामुळे. गर्भारपणाची पहिली बातमी वारेच्या पेशींकडून येते.

पुढे या पेशींना फांद्या फुटाव्यात तसे असंख्य अंकुर फुटतात. अंकुरांत बाळाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात आणि अंकुरांभोवतीच्या पोकळीत आईचे रक्त खेळते. मातीतल्या ओलीत झाडाची मुळे पसरावीत तशी ही रचना आहे. दिवस भरेपर्यंत अंकुरांचा एकूण पृष्ठभाग दहा ते चौदा चौरस मीटर होतो, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीएवढा. मात्र पहिल्या तीन महिन्यांत या पोकळीत आईचे रक्त मोकळेपणाने येत नाही. रक्तवाहिन्यांची तोंडे वारेच्याच पेशींनी बुजवलेली असतात आणि इवल्या गर्भाचे पोषण अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर होते. अवयव घडण्याच्या नाजूक काळात ऑक्सिजन बेतानेच मिळणे गर्भाच्या हिताचे असते. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ही तोंडे उघडतात. शेवटच्या महिन्यात आईचे दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गर्भाशयाकडे वाहते.

एवढे रक्त बाळासाठी येते, पण बाळाच्या अंगात जात नाही. ‘आईच्या रक्तावर बाळ वाढते’ हे म्हणणे भावनेच्या अंगाने खरे असले तरी दोघांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. अठराव्या शतकात लंडनमध्ये विल्यम आणि जॉन हंटर या शल्यविशारद भावांनी रक्तवाहिन्यांत रंगीत मेण भरून दोन्ही अभिसरणे वेगळी असल्याचे दाखवले. मध्ये असलेला पडदा काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आरपार देवाणघेवाण चालते. बाळाचा रक्तगट आईपेक्षा वेगळा असला तरी गर्भ सुखरूप राहतो तो यामुळे. प्रसूतीच्या वेळी मात्र बाळाच्या रक्ताचे काही थेंब आईच्या रक्तात जाऊ शकतात. म्हणून आरएच निगेटिव्ह मातेला, बाळ पॉझिटिव्ह असल्यास, बाहत्तर तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन देतात.

पडद्याचा सर्वांत बाहेरचा थर तर फारच विलक्षण आहे. तिथे सुट्या पेशी नसतातच. त्या एकमेकींत विरघळून सलग एकच अस्तर तयार होते, त्यामुळे आत घुसायला फटच उरत नाही. पेशींना असे एकजीव करणारे प्रथिन ज्या जनुकामुळे बनते, तो जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेल्या एका विषाणूचा आहे, हे २००० साली उजेडात आले. एका प्राचीन संसर्गाचा अवशेष आज प्रत्येक बाळाच्या पोषणाला हातभार लावतो आहे.

या पडद्यातून काय जाते, किती जाते आणि कसे जाते, यावर बाळाची वाढ ठरते. ऑक्सिजन आपोआप पाझरतो. बाळाचे हिमोग्लोबिन मोठ्यांपेक्षा निराळे असते आणि ऑक्सिजन अधिक घट्ट धरते, त्यामुळे आईच्या रक्तातला ऑक्सिजन बाळाकडे सहज ओढला जातो. कार्बन डायऑक्साइड आणि युरिया उलट्या दिशेने आईकडे येतात. साखर आईच्या रक्तातून उताराकडे यावी तशी येते. ती भरपूर यावी म्हणून वार आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करणारी संप्रेरके सोडते. आईचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून हा ताण पेलू शकले नाही, तर गर्भारपणातला मधुमेह उद्भवतो. वार पडली की तो बहुधा ओसरतो, तरी पुढे मधुमेह होण्याची शक्यता राहते आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते.

लोह आणि कॅल्शियम यांची तऱ्हा वेगळी. आईच्या अंगात ते कमी असले तरी वार ते ओढून बाळाकडे नेते. बाळाच्या हाडांतल्या सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियमपैकी बरेचसे शेवटच्या तीन महिन्यांत जाते. बाळ आणि वार यांना मिळून तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातील ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाळ व्यवस्थित वाढत असले तरी आईचे रक्त खालावत असू शकते. दोन जिवांच्या बाईला लोहाच्या गोळ्या सोडू नका असे सांगितले जाते ते बाळासाठी आहे, आणि तितकेच तिच्यासाठीही.

आईच्या प्रतिपिंडांपैकी आयजीजी हा एकच प्रकार वार मुद्दाम उचलून बाळाला देते, तोही मुख्यतः शेवटच्या आठवड्यांत. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे ही शिदोरी कमी असते. गरोदरपणात धनुर्वाताची लस देण्यामागचे कारणही हेच. कधीकाळी अस्वच्छ पात्याने नाळ कापल्यामुळे किंवा तिच्यावर राख, शेण लावल्यामुळे कित्येक नवजात बाळे धनुर्वाताने दगावत. आईच्या लसीकरणाने आणि स्वच्छ प्रसूतीने हे चित्र बदलले, आणि २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

वार सगळेच अपायकारक पदार्थ अडवते, हा मात्र भ्रम आहे. तो किती महाग पडू शकतो हे थॅलिडोमाइडने दाखवले. १९५७ साली जर्मनीत विक्रीस आलेले हे झोपेचे औषध गरोदर स्त्रिया मळमळीवरही घेत. १९६१ अखेर ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात हजारो बाळे खुरटलेले किंवा अर्धवट हातपाय घेऊन जन्मली होती. त्याआधी १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी आईला झालेला रुबेला आणि बाळाचे मोतीबिंदू यांतला संबंध दाखवला होता. दारू आणि तंबाखूतले निकोटिनही सहज पलीकडे जाते. मिश्री लावण्याने धूर होत नाही, पण निकोटिन रक्तात उतरतेच. त्यामुळे ती निरुपद्रवी आहे ही समजूत सोडायला हवी. उलट इन्सुलिन आणि हेपॅरिन यांचे रेणू मोठे असल्याने ते बाळापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणूनच गरज पडल्यास डॉक्टर त्यांचा वापर करू शकतात.

कधी वारेची बैठकच बिघडते. सुरुवातीला आईच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नाहीत, तर वारेला रक्त कमी पडते, बाळाची वाढ खुंटते आणि आईचा रक्तदाब चढतो. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसल्यास थांबू नये, कारण पुढे झटके येऊ शकतात. ‘वार खाली आहे’ असे सोनोग्राफीत निघाले की घरचे घाबरतात. पाचव्या महिन्यात असे दिसले तरी गर्भाशय वाढते तशी वार बहुधा वर सरकल्यासारखी होते. शेवटपर्यंत गर्भाशयाचे तोंड तिने झाकलेलेच राहिले तर सिझेरियनच करावे लागते.

नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. शुद्ध रक्त बाळाकडे नेणारी एक शीर आणि अशुद्ध रक्त वारेकडे आणणाऱ्या दोन धमन्या, म्हणजे नेहमीच्या उलट. त्यांच्याभोवती जेलीसारखा पदार्थ असल्याने सुमारे अर्धा मीटर लांबीची ही दोरी वळली, पिळली तरी सहसा दबत नाही. जन्मानंतर लगेच नाळ न कापता किमान एक मिनिट थांबण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. तेवढ्यात वारेतले आणखी रक्त बाळाकडे येते आणि त्याबरोबर पुढच्या काही महिन्यांचे लोह.

मग गर्भाशय आकसते, वार सुटते आणि पडते. तिच्यामागच्या उघड्या रक्तवाहिन्या स्नायूंच्या आकसण्यानेच मिटतात. ते आकसणे कमी पडले तर प्रसूतीनंतरचा रक्तस्राव जिवावर बेततो, म्हणून बाळ येताच आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. बाळाच्या पोटाशी उरलेला नाळेचा तुकडा कोरडा ठेवला की एक-दोन आठवड्यांत वाळून गळतो आणि त्या जागी बेंबी तयार होते.