शिडाच्या नौकेतील स्वयंचलित सुकाणूचा क्लच : दोष आणि दुरुस्ती

नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. एकट्या नाविकालाही झोप घ्यावी लागते. त्या वेळी सुकाणू स्वयंचलित यंत्रणेच्या हाती असते. तिची मोटर सुकाणूशी जोडणारा दुवा म्हणजे बहुधा विद्युतचुंबकीय क्लच. खानदेशात समुद्र नाही. तथापि मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रातील क्लच याच तत्त्वावर चालतो व तो जळगाव-धुळ्याच्या गॅरेजमध्ये सहज पाहता येतो.

मोटर फिरते पण सुकाणू हलत नाही, तेव्हा प्रथम चकत्यांवर संशय घेतला जातो. तो पुष्कळदा अनाठायी असतो. समजा, १२ व्होल्टवरील कॉइलचा रोध १२ ओहम आहे. तिच्यातून १ अँपिअर धारा वाहते. खाऱ्या हवेने जोडणी गंजून ४ ओहमची भर पडल्यास धारा ०.७५ अँपिअर उरते. आकर्षणबल साधारणतः धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते सुमारे ५६ टक्क्यांवर येते आणि क्लच घसरतो. कॉइल सोडवून मोजल्यास मापक मात्र १२ व्होल्टच दाखवितो! म्हणून क्लच कार्यरत असतानाच त्याच्या टोकांशी मापन करावे. तेथे ९ व्होल्ट आढळल्यास जोडणी घासून स्वच्छ करणे पुरेसे ठरते. विद्युतदाब पूर्ण असूनही घसरण होत असेल तरच क्लच उघडावा, चकत्यांवरील तेल पुसावे आणि झिजलेल्या चकत्या बदलाव्यात.