हेरल्डचा मागचा दरवाजा

 जुन्या ‘ट्रायम्फ हेरल्ड’चे मडगार्ड कुणी इंग्लंडहून मागवले, तर आज ते न्हावा शेवा बंदरात उतरू शकते. पण गाडी मद्रासची चार दरवाजांची ‘स्टँडर्ड हेरल्ड’ असेल आणि तिचा मागचा दरवाजा सडला असेल, तर कोणत्याच जहाजाचा उपयोग नाही. तो दरवाजा इंग्लंडमध्ये कधी बनलाच नाही.

हेरल्ड १९५९ साली इंग्लंडमध्ये आली. इटालियन रचनाकार जिओवानी मिकेलोट्टी यांनी तिला रूप दिले. १९६१पासून ‘स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ ती मद्रासजवळ बनवू लागली. इंजिन ९४८ सीसीचे. अँबेसेडर आणि फियाट यांच्या बरोबरीने त्या काळातल्या मध्यमवर्गापुढचा हा तिसरा पर्याय होता.

मला या गाडीची सर्वाधिक ओढ वाटते ती तिच्या जोडणीमुळे. तिच्या जन्माआधी, ती बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या स्टँडर्ड कंपनीला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या हाती गेला. एकसंध बॉडी करून घेणे अवघड झाले, म्हणून वेगळी चासी घेऊन तिच्यावर सुटे भाग बोल्टने आवळायचे ठरले. अडचणीतून निघालेली ही वाट पुढे मेकॅनिकच्या फार सोयीची ठरली. खटके सोडले की मडगार्डांसकट अख्खे नाक पुढे कलंडते आणि टायरवर बसून इंजिनाचे काम करता येते. चाके इतकी वळतात की सुमारे २५ फुटांच्या वर्तुळात गाडी फिरते. मागच्या चाकांना आडवा पाटा आहे. वेगात वळण घेतले तर चाक आत दुमडू पाहते, म्हणून चालवणाऱ्याला अदब ठेवावी लागते.

याच गाडीला भारतात पुढे चार दरवाजे लावले गेले, आपल्या मोठ्या कुटुंबांना सोयीचे. आज तीच सोय दुरुस्तीत आडवी येते. पुढचे बरेचसे भाग परदेशात अजून मिळतात. मागच्या दरवाजासाठी मात्र दुसरी मोडकी हेरल्ड शोधावी लागते, नाहीतर हाताने पत्रा ठोकणारा जाणता डेंटर. किनाऱ्यावरची खारी हवा आधी चासीच्या कडेचे हात खाते आणि वरचा रंग चकचकीत असला तरी खालून गाडी पोकळ होत जाते. हेरल्डचे उत्पादन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, तिच्या जागी ‘गॅझेल’ आली. भंगारात गेलेल्या प्रत्येक चार दरवाजांच्या गाडीबरोबर दोन मागचे दरवाजेही कायमचे जातात.

कागदांची अडचण वेगळी. मालक वारले, वारसांनी नाव बदलून घेतले नाही, आरसी बुक हरवले, की धडधाकट गाडीही भंगाराच्या भावाने जाते. कागद जागेवर असतील, तर २०२१च्या केंद्रीय नियमांनी वाट दिली आहे. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालवता येत नाही. अर्जासोबत विमा आणि जुने आरसी बुक लागते. आज प्रत्येक स्टँडर्ड हेरल्ड या वयात बसते.

म्हणून ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात हेरल्ड उभी आहे, त्यांना विनंती. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा आणि जुन्या गाड्यांच्या एखाद्या क्लबला कळवा. गाडी ठेवायची नसेल, तरी तिचे मागचे दरवाजे तेवढे वितळू देऊ नका.